वेगळा टोप, एकच दस्तरखान

(नभोवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

कोकणात खाडीकाठच्या घरी वीस-पंचवीस माणसं जमवायची असली, की तारीख दोघांना विचारावी लागते. एक, ज्यांना रजा काढून यायचं असतं त्यांना आणि दुसरं, समुद्राला. मुंबईच्या, कुवेतच्या, अमेरिकेच्या रजा अर्ज केला की मिळतात. समुद्राकडे अर्ज चालत नाही. तिसऱ्या हव्या असतील तर ओहोटी मोठी लागते आणि मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच मिळते. अष्टमीच्या सुमाराला पाणी धड वर चढत नाही, धड खाली उतरत नाही. त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत पाहुणे बोलावले आणि शिंपल्यांचा बेत ठरवला, तर यजमानाची फजिती ठरलेलीच.

भरतीची वेळ काढायचं जुनं गणित किनाऱ्यावरच्या पुष्कळांना ठाऊक असतं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला आठ पाऊणे सहा. अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे धरून चाला बाराच्या आत-बाहेर. त्याच्यापुढे किंवा मागे सहा तासांवर ओहोटी. माझे अब्बा हेच गणित चांदच्या तारखेवरून मांडत आणि आमचे शेजारी पंचांगातल्या तिथीवरून. दोघांच्या हिशेबात एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक पडे. पण चंद्र दोघांचा एकच असल्यामुळे शेवटी दोघंही एकाच वेळी चिखलात उतरलेले दिसत.

शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते. त्या खाडीच्या काठी आमचं घर आहे. मागच्या डिसेंबरात तिथं आम्ही बावीस माणसं जमलो. आई गेल्यानंतरचं हे आमचं पहिलंच जमणं. आई होती तेव्हा कोण येणार, कुठं झोपणार, काय खाणार हे तिच्या डोक्यात असे. आता ते कुणाच्याच डोक्यात नव्हतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, की दुसऱ्या कुणाच्या तरी असेल. त्यात ह्यूस्टनहून आलेल्या माझ्या पुतण्यानं जाहीर केलं, ‘चाचा, ह्या वेळी स्वयंपाक मी करणार. सगळं एकाच टोपात. कुणी वाटण वाटायचं नाही, कुणी भाकऱ्या थापत बसायचं नाही.’ वाटण नाही म्हटल्यावर घरातल्या बायकांनी त्याला एकमतानं पाठिंबा दिला.

त्याच्याकडे ह्या प्रकाराला ‘सीफूड बॉइल’ म्हणतात. मोठ्या टोपात मसाल्याचं खारट पाणी उकळायचं, त्यात बटाटे, मक्याची कणसं, खेकडे, कोळंबी, शिंपल्या एकामागून एक सोडायच्या, पाणी गाळून टाकायचं आणि सगळा ढीग मेजावर ओतून भोवती बसून हातानं फोडून खायचा. आपल्या मराठीत एवढ्याशा कामाला चार क्रियापदं आहेत. पाणी उकळतं, बटाटा उकडतो, भात शिजतो, शिंपली वाफवतात. पुतण्याच्या इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द. कवितेच्या धंद्यातल्या माणसाला असल्या गोष्टी उगीचच खटकतात. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की त्याचा शब्द एक असला तरी त्याचं घड्याळ चार ठिकाणी वाजत होतं. ते कसं, हे पुढं सांगतो.

आधी ह्या जेवणाचं मूळ. ते मला फार मोलाचं वाटतं. अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियाना नावाचं राज्य आहे. तिथं हे जेवण अंगणात, चुलीभोवती उभं राहून होतं. ते ज्या ‘केजन’ लोकांच्या नावानं ओळखलं जातं, ते मूळचे फ्रेंच बोलणारे अकेडियन. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया भागात त्यांची वस्ती होती. १७५५ साली इंग्रजांनी त्यांना तिथून हाकलायला सुरुवात केली. घरंदारं गेली, कुटुंबं विखुरली आणि त्यांतले बरेच जण पुढच्या काळात लुइझियानाच्या दलदलीत येऊन राहिले. तिथं गोड्या पाण्यात मिळणारा क्रॉफिश, म्हणजे शेवंडीचा बोटभर लांबीचा भाऊबंद, त्यांच्या टोपात आला. आजही तिकडे भाताचं पीक निघालं की त्याच खाचरांत पाणी भरून क्रॉफिश वाढवतात. हे ऐकून आमच्या थोरल्या आपाला फार आनंद झाला. ‘म्हणजे आपल्या शेतातल्या कुर्ल्याच की!’ ती म्हणाली. पावसाळ्यात भाताच्या बांधावर कंदील घेऊन खेकडे धरणाऱ्या कोकणी माणसाला लुइझियाना काही फार परकं वाटायचं कारण नाही.

दुसरी हकिकत मसाल्याची. पूर्व किनाऱ्यावरच्या बाल्टिमोर शहरात खेकड्यांवर ‘ओल्ड बे’ नावाचा मसाला घालतात. तो तयार केला गुस्ताव ब्रन ह्या जर्मनीतून जीव वाचवून आलेल्या ज्यू मसालेवाल्यानं. हिटलरच्या छळछावणीतून सुटून तो अमेरिकेत आला आणि १९३९ साली बाल्टिमोरमध्ये त्यानं आपला मसाल्याचा धंदा मांडला. ज्याच्या धर्मात खेकडा खाणं निषिद्ध, त्यानं बाल्टिमोरच्या खेकड्याला चव दिली. आणि तिसरी हकिकत ह्यूस्टनची. १९७५ साली व्हिएतनामचं युद्ध संपल्यावर तिथले पुष्कळ निर्वासित मेक्सिकोच्या आखाताच्या काठी येऊन वसले, कोळंबीच्या बोटींवर राबले. त्यांनी ह्या उकडलेल्या ढिगावर लसूण परतलेलं लोणी ओतलं. आज ह्यूस्टनमध्ये तीच चव लोकांच्या जिभेवर आहे. म्हणजे ज्याला आपण अमेरिकन जेवण म्हणतो, त्याचा एकेक घास ह्या ना त्या घरातून उठवलेल्या माणसानं रांधलेला आहे. विखुरलेली माणसं जमली, की एक मोठा टोप चढवतात. मग आम्ही तरी वेगळं काय करत होतो?

पुतण्यानं तिकडून मसाल्याचा डबा आणला होता. आपानं झाकण उघडून वास घेतला आणि एकेक नाव सांगत गेली. मोहरी, धणे, तमालपत्र, लाल मिरची, शेपूचं बी. ‘हे तर माझ्या मिसळणाच्या डब्यातलंच पोरा, तू तिकडून ओझं कशाला वाहिलंस?’ असं म्हणून तिनं डबा बाजूला ठेवला आणि स्वतःची पुरचुंडी बांधली. स्वच्छ पांढऱ्या फडक्यात हेच सगळं, वर थोडी मिरी आणि लवंग. पुरचुंडी बांधायची ती एवढ्यासाठी, की मसाल्याचा अर्क पाण्यात उतरावा, पण मोहरी-धण्याचे दाणे खाणाऱ्याच्या दाताखाली येऊ नयेत.

अमावास्येची सकाळ होती. साडेपाच-सहाच्या ओहोटीला खाडीत उतरून मावशीनं तिसऱ्या काढून आणल्या. ही मावशी आमच्या आईच्या वेळेपासूनची. खाडीत तिसऱ्या काढणं हे किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी बायकांचंच काम. गुडघाभर चिखलात वाकून, पायाच्या बोटांनी चाचपत, दिवस उगवायच्या आत टोपली भरायची. ह्याच वस्तूला मुंबई-रायगडकडे तिसऱ्या म्हणतात, मालवणकडे शिवल्या. नाव बदलतं, वाकणारी पाठ बदलत नाही. मावशी सोमवारी आणि गुरुवारी मासळी तोंडात घालत नाही, पण विकायला आणते. ‘माझा उपास हाय, तुमचा थोडाच हाय?’ असा तिचा साधा हिशेब.

शिंपल्यांच्या बाबतीत काही गोष्टी कुणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून इथं सांगतो. तिसऱ्या घरी आणल्यावर दोन-तीन तास मिठाच्या पाण्यात ठेवाव्यात, म्हणजे त्या आतली वाळू बाहेर टाकतात. मीठ समुद्राच्या पाण्याइतकं, म्हणजे लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम. गोड्या पाण्यात ठेवल्या तर त्या मरतात. उकडायच्या आधी एकेक हातात घेऊन पाहावी. तोंड उघडं असेल तर टिचकी मारावी. जिवंत असेल तर ती तोंड मिटते. न मिटणारी फेकून द्यावी. उकडल्यावर हिशेब उलटा. जी उघडत नाही, ती खाऊ नये. कच्ची असताना मिटलेली हवी आणि शिजल्यावर उघडलेली. शिवाय खाडीच्या ज्या तोंडाला गावाचं सांडपाणी येतं, तिथल्या शिंपल्या कितीही स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत. शिंपली पाणी गाळूनच जगते. पाण्यात जे असेल ते तिच्या पोटात साठतं.

कुर्ल्या घ्यायच्या त्या जिवंत आणि हाताला जड. खेकडा वाढताना जुनं कवच टाकतो. नुकतंच कवच टाकलेला खेकडा दिसायला मोठा, पण आत नुसतं पाणी. अमावास्येच्या कुर्ल्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ असं आमच्याकडे मानतात. मी मात्र हातावर तोलून घेतो. पोटाखालची पट्टी रुंद असेल तर मादी, निमुळती असेल तर नर. त्या पट्टीखाली अंड्यांचा पुंजका असलेली मादी कुणी विकायला आणली तरी घेऊ नये. ती एकटी नसते, पुढच्या वर्षाच्या शेकडो-हजारो कुर्ल्या तिच्या पोटाला असतात. टोपात सोडण्याआधी कुर्ल्या अर्धा तास बर्फात ठेवाव्यात. त्या बधिर होतात. पाण्यातल्या जिवाला आमच्यात जिबह लागत नाही, म्हणून त्याचे हाल करायची परवानगी मिळाली असं थोडंच आहे!

पुतण्यानं अंगणात चुली पेटवल्या, टोप मांडला आणि हिशेब सुरू केला. माणशी एक कुर्ली, दोनशे ग्रॅम सालासकट कोळंबी, पाव किलो तिसऱ्या, दोन लहान बटाटे, अर्धं कणीस. तिकडे ह्यात सॉसेजही घालतात, बहुधा डुकराचं. ते अर्थातच बाद झालं, त्याच्या जागी उकडलेली अंडी आली. सगळं ठरलं. एवढ्यात माझी धाकटी भावजय हळूच म्हणाली, ‘माझ्यासाठी वेगळं काही करू नका. मी सकाळचा डाळ-भात खाईन.’

इथं थोडं थांबून खुलासा करायला हवा. माझी भावजय परभणीची. माझा भाऊ तिकडे शाळेत मास्तर होता, तिथं लग्न जमलं. आम्ही दोन्ही घरं मुसलमान, दोन्ही मराठी बोलणारी, पण ते हनफी आणि आम्ही शाफई. ह्या धर्मशास्त्राच्या दोन वाटा आहेत. शाफई परंपरा अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्रावरून आली. येमेन, पूर्व आफ्रिका, कोकण, मलबार, थेट इंडोनेशियापर्यंत हिंदी महासागराच्या काठाकाठानं ती पसरलेली दिसते. हनफी परंपरा मध्य आशियातून खुष्कीच्या वाटेनं आली आणि उत्तरेत, दख्खनमध्ये स्थिरावली. समुद्रावरून आलेल्यांना समुद्रातलं बहुतेक सगळं चालतं. खेकड्याबद्दल जाणत्यांमध्ये मतभेद आहेत, पण आमच्या घरात तो पूर्वीपासून शिजतो. हनफींना मासा चालतो. शिंपली, खेकडा चालत नाही. कोळंबीला मासा म्हणायचं की नाही, ह्यावर त्यांच्यातही दोन मतं. नकाशा समोर ठेवला तर ह्यात भांडण करण्यासारखं काहीच दिसत नाही. ज्याच्या दारात खाडी, त्याच्या ताटात शिंपली. पण ताट एकाच घरात मांडायचं असतं, तेव्हा नकाशा उपयोगी पडत नाही.

भावजय तीस वर्षांपूर्वी आमच्या घरात आली. आईनं तिला एकदाही विचारलं नाही, की तू खात का नाहीस. तिनं फक्त एक वेगळी पळी काढली आणि तिच्या दांड्याला लाल दोरा बांधला. शिंपल्यांचं कालवण असेल त्या दिवशी दुसऱ्या चुलीवर बांगड्याचं असायचंच आणि लाल दोऱ्याची पळी त्याच भांड्यात असायची. ह्याबद्दल घरात कधी चर्चा झाली नाही. चर्चा न होता तीस वर्षं चाललेली गोष्ट आई गेल्यावर कुणाच्या लक्षात राहावी? आणि आता सगळ्यांसाठी एकच टोप म्हटल्यावर जिच्यासाठी तो टोप नव्हता, ती आपण होऊन मागं सरकली होती. त्या टोपातला बटाटासुद्धा तिला चालणार नव्हता, कारण पाणी कुर्ल्यांचं.

थोरली आपा काही बोलली नाही. ती उठली, माजघरात गेली आणि दुसरा टोप घेऊन बाहेर आली. हातात ती पळी होती. दोरा इतका विटला होता, की लाल आहे हे सांगावं लागलं असतं. पुतण्यानं विचारलं, ‘हा कशाला?’ आपा म्हणाली, ‘तुझ्या चाचीचा.’ मग आमच्या ह्यूस्टनवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो म्हणाला, की त्याच्या हॉटेलांतही दोन टोप असतात. शिंपल्या-कोळंबीची अॅलर्जी असलेल्या माणसाला त्या पाण्यातला बटाटा दिला तरी त्याचा घसा सुजू शकतो, प्रसंगी जीव धोक्यात येतो. म्हणून वेगळं पाणी, वेगळा झारा. आईनं श्रद्धेपोटी जे केलं, तेच तिकडे वैद्यकापोटी करतात. मला दोन्ही कारणं सारखीच वजनदार वाटतात. ज्याला जे चालत नाही, ते त्याच्या ताटात चुकूनही जाऊ नये, ही रांधणाऱ्याची जबाबदारी. खाणाऱ्यानं त्यासाठी मागणं मागायचं नसतं.

तर दोन चुलींवर दोन टोप चढले. दोन्हींत पाणी, मीठ, आपाच्या पुरचुंड्या, आडवे चिरलेले लसणाचे गड्डे, कांदे, अर्धी कापलेली लिंबं सारखीच. पाणी समुद्राइतकं नाही, पण त्याच्या जवळपास खारट हवं. कारण कवचाच्या आत मीठ जायला वेळ फार थोडा मिळतो. आणि आता ते घड्याळ. आधी बटाटे, त्यांना पंधरा-वीस मिनिटं. ते अर्धे झाले की कुर्ल्या, त्यांना बारा-पंधरा. मग कणसं, पाच-सात मिनिटं पुरतात. त्यानंतर तिसऱ्या, त्यांची तोंडं चार-पाच मिनिटांत उघडतात. अगदी शेवटी कोळंबी, फार तर तीन मिनिटं. कोळंबी अर्धचंद्रासारखी वाकली की झाली. पूर्ण वाटोळी झाली म्हणजे जास्त शिजली, मग ती रबरासारखी लागते. सगळं एकदम टाकलं, तर बटाटा कच्चा राहतो आणि कोळंबीचा चोथा होतो. एका टोपात शिजायचं म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी आत उडी घ्यायची असं नाही. प्रत्येकाला आपापल्या वेळेला आत घेतलं, तरच सगळे एकदम तयार होतात.

कुर्ल्या आत गेल्या आणि पोरं टोपाभोवती जमली. हिरवट-निळसर कवचं बघता बघता लालभडक झाली. एका नातीनं विचारलं, की हा रंग मसाल्याचा का? नाही. हा लाल रंग कवचात पहिल्यापासूनच असतो. अॅस्टॅक्सँथिन असं त्याचं नाव. जिवंतपणी एका प्रथिनानं त्याला मिठी मारलेली असते, म्हणून तो निळसर दिसतो. उष्णतेनं ती मिठी सुटली, की मूळचा रंग प्रकट होतो. कोळंबीचंही तेच.

दुसऱ्या टोपात बटाटे, कणसं आणि अंडी होती. शेवटी रावसाच्या जाड तुकड्या अलगद सोडल्या. मासा मोडू नये म्हणून तो झाऱ्यावर ठेवून पाण्यात उतरवावा, सहा-सात मिनिटांत होतो. कोळंबी सोडायची वेळ आली तेव्हा आपानं भावजयीकडे नुसतं पाहिलं. ती म्हणाली, ‘कोळंबी टाका. माझ्या अम्मीकडे खात नसत. मी खाते.’ आईच्या हयातीत हे आम्हाला माहीत नव्हतं. कदाचित आईला असेल.

आता वाढायचं कशावर, हा प्रश्न आला. तिकडे मेजावर वर्तमानपत्रं पसरून त्यावर ढीग ओततात. छपाईची शाई पोटात जाणं बरं नव्हे. आपल्या अन्नसुरक्षा खात्यानंही वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत म्हणून वेळोवेळी बजावलं आहे. पण आमच्या घरात त्याला आणखी जुनी हरकत होती. अक्षरावर अन्न सांडायचं नाही, हा आईचा नियम. मग ते अक्षर कुठल्याही लिपीतलं असो. म्हणून पडवीत लांबच लांब दस्तरखान अंथरला, त्यावर केळीची पानं मांडली. अर्ध्या भागात एका टोपाचा ढीग, अर्ध्या भागात दुसऱ्याचा, मधे दोन हात मोकळी जागा. लोण्यात लसूण परतून तो दोन वाडग्यांत काढला आणि लिंबाऐवजी त्यात कोकमाचं आगळ घातलं. हे ह्यूस्टनच्या व्हिएतनामी माणसांनाही सुचलं नसेल. त्यांना सुचावं अशी माझी शिफारस आहे.

पूर्वी आमच्या लग्नकार्यांत एका मोठ्या थाळ्याभोवती चार-पाच माणसं बसून जेवत. आता ते कमी झालं. ज्याचं त्याचं ताट आलं, ताटाबरोबर घाई आली. कुर्ली मात्र घाईनं खाता येत नाही. आधी पाय मोडायचे, मग पाठीचं कवच उघडायचं, मग नांगी दगडानं ठेचायची आणि इतक्या खटपटीनंतर हाताशी येतो तो पांढरा तुकडा चिमूटभर. दोन्ही हात गुंतलेले, बोटं मसाल्यानं बरबटलेली. मोबाइल वाजले आणि वाजून थांबले. अमेरिकेतली पोरं आधी कुर्लीला घाबरली. मग आपानं एकेकाला समोर बसवून नांगीचा सांधा कुठं मोडायचा ते दाखवलं. तिला इंग्रजी येत नाही, पोरांना आमची बोली येत नाही. पण सांधा सापडल्याचा ‘कट्’ असा आवाज दोघांनाही कळत होता.

भावजय मधल्या मोकळ्या जागेच्या कडेला बसली होती. तिच्या बाजूच्या ढिगावर लहान मुलांची गर्दी जास्त. रावसाला ना कवच, ना नांगी. थोड्या वेळानं ह्यूस्टनचा पुतण्याही कणसासाठी तिकडेच सरकला. तीस वर्षं वेगळ्या पळीनं जेवणारी आमची भावजय त्या दिवशी अर्ध्या घराला वाढत होती. आणि वाढताना पळीवर तिचं इतकं बारीक लक्ष, की पलीकडच्या ढिगाकडे ती एकदाही वळू दिली नाही.

दुपारी मावशी टोपली न्यायला आली. वार रविवारचा, त्यामुळे तिला हरकत नव्हती. पडवीच्या पायरीवर बसून तिनं स्वतःच काढलेल्या तिसऱ्या खाल्ल्या, एक तोंडात घालून चघळली आणि निकाल दिला, ‘खोबरं हवं होतं.’ ह्या निकालावर अपील नाही.

जेवणं झाल्यावर पडवीत शिंपल्यांचा आणि कवचांचा ढिगारा राहिला. पुतणी तो कचऱ्यात टाकायला निघाली, तर आपानं तिला थांबवलं. कवचं कुजतात, ती माडांच्या मुळाशी पुरायची. शिंपल्या वेगळ्या ठेवायच्या. किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्या भाजून चुना करत. सिमेंट यायच्या आधीची कित्येक घरं त्याच चुन्यानं बांधलेली आहेत. आमचं जुनं माजघरही त्यातलंच. त्याच्या भिंतीचा पोपडा निघाला, की आत शिंपल्यांचे न जळलेले तुकडे अजून दिसतात. आज चुना कुणी भाजत नाही, पण शिंपल्या वेचून परसात एका कोपऱ्यात रचायची सवय घरात राहिली आहे. त्या दिवशी त्या वेचायला भावजय पुढं होती. शिंपली खायची नाही असा तिचा नियम आहे, उचलायची नाही असा नाही. टोपली भरून तिनं परसात नेली, हात धुतले आणि ती पळी घासून, पुसून माजघरात ठेवायला गेली. दोरा मात्र आपानं काढून घेतला होता. संध्याकाळी बघितलं, तर पळीच्या दांड्याला नवा लाल दोरा होता.